आउटबॅकमध्ये ४० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, फिरताना गाडीत फ्रिज कुठला घ्यावा यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात आणि वायर मात्र दुकानात हाताला लागेल ती उचलतात. आठ महिन्यांत फ्रिज जितक्यांदा बंद पडला, त्यात कॉम्प्रेसरचा दोष एकदाही नव्हता.

आधी वीज. कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर खेचतो, पण तो सतत चालत नाही. २५ अंश तापमानात दिवसाला २५-३० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीतल्या साठ्याचं माप) लागतात. पारा चाळिशी ओलांडला की हाच आकडा ५०-६० वर जातो. १०० एएच लिथियम बॅटरी, २०० वॉटचं सोलर पॅनल आणि गाडी चालताना चार्ज करणारा २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर एवढ्यात दोघांचं भागतं. बॅटरी बॉनेटखाली नको, तिथली उष्णता लिथियमला सोसत नाही. उलट जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, ॲलिस स्प्रिंग्जकडे पहाटे पारा शून्याखाली गेला, की बॅटरी थोडी ऊब येईपर्यंत चार्जच घेत नाही. तो बिघाड नव्हे, तिच्यातल्या संरक्षक सर्किटचं काम आहे.

आता वायर. गाडीच्या मागच्या सॉकेटला कंपनीने दिलेली वायर बारीक असते. १ चौरस मिमीच्या तारेत जाऊन-येऊन १० मीटर अंतरावर ४ अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट गळतात. साध्या लेड बॅटरीचा मीटर १२.४ दाखवत असतो, फ्रिजपाशी मात्र ११.७ पोचतात आणि ‘हाय’ कट-ऑफवर (बॅटरी वाचवायला फ्रिज लवकर बंद करणाऱ्या सेटिंगवर) तो बंद! बॅटरीपासून थेट जाड वायर ओढा आणि बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घाला. ऑस्ट्रेलियात ‘६ मिमी ऑटो’ म्हणून मिळणाऱ्या वायरीतलं तांबं प्रत्यक्षात ४.६ चौरस मिमीच्या आसपास असतं, कारण तो ६ मिमी आकडा वरच्या आवरणासकट जाडीचा आहे. या कामाला ती पुरते. ‘४ मिमी’वाली घेऊ नका.

सिगारेट लायटरचा प्लग तर काढूनच टाका. ऊडनाडाटा ट्रॅकवर, म्हणजे मारी ते मार्ला सुमारे ६२० किमी, कॉरुगेशनच्या (कच्च्या रस्त्यावरच्या पन्हळीसारख्या लाटांच्या) खडखडाटात तो केसभर मागे सरकतो. दिवा लागलेला दिसतो, पण टोकाची स्प्रिंग धड टेकत नाही. ती तापते आणि भोवतालचं प्लास्टिक काळं पडून मऊ होतं. अँडरसन प्लग (घट्ट बसणारा, जाड वायरीचा जोड) लावला की हा प्रश्न मिटतो. टायरची हवा ३८ वरून २८ पीएसआयवर आणली आणि वेग कमी ठेवला, तर फ्रिजच काय, सगळी गाडीच कमी हादरते. डांबरी रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची. फ्रिजच्या स्लाइडचे (तो बाहेर ओढायच्या सरकत्या पाटाचे) बोल्ट मात्र रोज संध्याकाळी चाचपायचेच.

लाल धूळ मागच्या दाराच्या रबरातून आत येते. केबिनचा पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवून खिडक्या बंद ठेवल्या, की आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ कमी शिरते. (समोर रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, आली की तेवढ्यापुरतं रीसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायची.) कंडेन्सरची (फ्रिजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा, आणि जाळीच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी सोडा.

भरताना: ॲल्युमिनियमचे कॅन एकमेकांवर घासून त्यांना टाचणीएवढी भोकं पडतात. प्रत्येक कॅनला जुना मोजा घाला. दह्याचं संध्याकाळपर्यंत ताक होतं. ३ अंशांवर ठेवलं तरी भिंतीला चिकटलेली कोथिंबीर गोठून काळी पडते, ती वरच्या टोपलीत हवी. पेयं सकाळी गाडी सुरू केल्यावर भरा, रात्री नको. आणि कुनुनुरा किंवा बॉर्डर व्हिलेजहून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरणार असाल, तर ताजी फळं, बऱ्याच भाज्या आणि मध क्वारंटाइन नाक्यावर काढून घेतात. आदल्या रात्रीच संपवा.

दोघांना ४० लिटरमध्ये पाच-सहा दिवसांचं खाणं मावतं. ७५ लिटरचा निम्मा रिकामा पळवण्यात अर्थ नाही. घरी परतल्यावर आतून पुसा आणि झाकणात लाकडी उलथनं अडकवून फट ठेवा, नाहीतर महिन्याभरात गॅस्केटला (झाकणाच्या रबराला) बुरशी धरते.