इन-वॉल घ्यायला गेलो आणि उभे स्पीकर घेऊन आलो

खरं तर इन-वॉलचंच, म्हणजे भिंतीत बसवायच्या स्पीकरचंच ठरलं होतं. कॉलेज रोडला एका दुकानात डेमो ऐकला, स्पीकर भिंतीत गडप, खाली वायर नाही डबा नाही, बायको म्हणाली हेच घ्या, झाडायला अडचण नाही. आवाजही झकास होता, खोटं कशाला बोलू. स्पीकर भिंतीतच असला की मागच्या भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाची कटकटच नसते.

पण दुकानदारानं एक गोष्ट विचारलीच नाही, भिंत कसली आहे तुमची? हे स्पीकर मुळात पोकळ भिंतीसाठी बनलेत, तिकडे अमेरिकेत लाकडी सांगाडा आणि वरून जिप्सम बोर्ड असतं ना, ती मधली पोकळीच त्यांचा डबा. आपल्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटला वीटकाम. गवंडी आला, टीव्हीमागच्या भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "भाऊ, ही 4 इंची आहे, एवढं कापलं तर पलीकडून बेडरूम दिसेल." स्पीकरलाच 3-4 इंच खोली लागते, वर बॅक बॉक्स (स्पीकरमागची बंद पेटी) वेगळा. बाहेरची भिंत जाड आहे, पण तिथं एका बाजूला आरसीसी कॉलम (त्याला छिन्नी लावायची नाही म्हणजे नाही) आणि उरलेल्या भागाला दर पावसाळ्यात ओल.

दुकानात फोन केला तर म्हणे मग फॉल्स वॉल करून घ्या, म्हणजे आहे त्या भिंतीपुढं दुसरी पोकळ भिंत. 11 फुटी हॉलमधला अर्धा फूट घालवायचा आणि वर सुताराचं बिल! ऑर्डर रद्द केली, ॲडव्हान्स परत मिळवायला 3 आठवडे चकरा मारल्या. माल चांगला, सर्व्हिसला मी 5 पैकी 2 देईन.

शेवटी दुसरीकडून फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घेतले. पहिल्या दिवशी बेस नुसता घुमत होता, तबला कुठला आणि ढोल कुठला कळेना, मग भिंतीपासून दीड फूट पुढं ओढले, तोंडं जरा सोफ्याकडं वळवली आणि तबल्याची शाई वाजलेली कळायला लागली. भिंतीत चिणलेल्या स्पीकरला असं हलवता आलं असतं का? बिल्डिंगचं काम चालू असेल, जिप्सम पार्टिशन होणार असेल तर मात्र इन-वॉल जरूर बघा.

उभ्या स्पीकरचा तोटाही सांगतो. चौथ्याच दिवशी पोरानं जाळी काढून वूफरच्या मधल्या टोपीत बोट खुपसलं, खड्डा पडला. सेलोटेप चिकटवून हळूच ओढला तेव्हा बाहेर आला, पण उजेडात सुरकुती दिसतेच.