पानगळीचा अख्खा मोसम पोलरायझरसोबत: चार महिन्यांनंतर

सर्क्युलर पोलरायझर (लेन्सपुढे लावून कडी फिरवत चकाकी कमी करायचा फिल्टर) घेतला तो आभाळ गडद निळं करायला. त्या कामासाठी चार महिन्यांत जेमतेम चार-पाचदा वापरला असेन.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. १६ मिमीच्या वाइड (जास्त दृश्य मावणाऱ्या) लेन्सवर पिवळ्याधमक झाडांची रांग टिपली, तर आभाळात एकीकडे काळपट पट्टा आणि उरलेलं फिकट. दोष फिल्टरचा नव्हता. सूर्याशी ९० अंशांच्या दिशेला त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो, आणि वाइड लेन्सच्या चौकटीत तो भाग आणि आजूबाजूचं आभाळ दोन्ही मावतं. आता २४ मिमीच्या खाली, चौकटीत आभाळ असेल तर फिल्टर खिशात.

खरी मजा ढगाळ, भिजलेल्या दिवसांत. पाऊस नुकताच थांबलेला, खाली मेपलच्या पानांचा सडा. प्रत्येक पानावर आभाळाचा पांढुरका चट्टा. फिल्टरची कडी हळूहळू फिरवत गेलो की एकेका पानावरची चकाकी विरते आणि खालचा लाल रंग शिरांसकट वर येतो. नंतर सॅच्युरेशन कितीही ओढलं तरी हे साधत नाही. मात्र चकाकी पुरती मारली तर ओलं पान कागदी दिसायला लागतं, म्हणून मी कडी थोडी मागे घेतो.

फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे धरूनच चाला. १/१२५ सेकंदाचा शटर १/३० वर येतो आणि वाऱ्यावरचं पान फराटा होतं. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायचा, नाहीतर वारा पडायची वाट बघायची (मी बहुतेकदा वाट बघतो).

कलत्या उन्हात पान मागून उजळलेलं असेल तेव्हा फिल्टर सरळ काढून ठेवा. रंग पानातून आरपार येत असतो. मारायला चकाकीच नसते, उजेड मात्र फुकट जातो. अशा वेळी व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा उबदार-थंड तोल) ऑटोवर नको, तो सोनेरी छटा धुऊन टाकतो. मी ५५०० केल्विनवर अडकवून ठेवतो. लाल पानांसाठी आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचा वेगवेगळा उजेड-आलेख) बघा. एकूण आलेख ठीक दिसतो आणि लाल चॅनल केव्हाच फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन तपशील गमावलेला असतो.

तक्रारी दोन. लेन्स हूड लावला की कडीपर्यंत बोट पोचत नाही. आणि गारठलेल्या पहाटे फिल्टर आट्यांत असा आवळून बसला की जोर लावून निघेना. शेवटी कडेला जाड रबरबँड गुंडाळला, तेव्हा कुठे सुटला. तो रबरबँड तेव्हापासून बॅगेतच आहे.