बॅकलाइटच्या पट्ट्या बदललेला ४३ इंची टीव्ही : काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे, गेलेला टीव्ही दुरुस्त करावा की नवा आणावा, या प्रश्नाला दुकानात एक उत्तर मिळते आणि कंपनीच्या सेवा केंद्रात दुसरे. दुरुस्त केलेला संच पुढे कसा चालला, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या नवी मुंबईतील नेरुळच्या घरातील ४३ इंची एलईडी टीव्हीच्या या दिव्यांच्या पट्ट्या गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बदलून घेतल्या. तेव्हापासून पावसाळ्याची अखेर, थंडी आणि आता हा घामाच्या धारा काढणारा उन्हाळा या संचाने रोजच्या वापरात पार केला आहे. खर्च वसूल झाला असे माझे मत आहे; पण चित्र पूर्वीसारखे झाले असे म्हणता येणार नाही, आणि ते का झाले नाही हेही सांगितले पाहिजे.

संच तेव्हा पाच वर्षांचा होता आणि वॉरंटी केव्हाच संपली होती. सुरुवातीला पडद्याचा उजवीकडचा खालचा भाग किंचित मळकट दिसू लागला. नंतर टीव्ही लावल्यावर दोन-तीन सेकंद चित्र येई आणि जाई, आवाज मात्र व्यवस्थित चालू राही. रिमोट चालत होता, चॅनेल बदलत होते, आवाज कमी-जास्त होत होता. आईने तर काही दिवस आपली संध्याकाळची मालिका रेडिओवरच्या श्रुतिकेसारखी नुसती ऐकली. आवाज आहे, रिमोटला प्रतिसाद आहे आणि फक्त चित्र नाही, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की संशयाची पहिली सुई बॅकलाइटकडे वळते.

याची खात्री घरच्या घरी, स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता करता येते. एलईडी टीव्हीत एलईडी फक्त मागचे दिवे असतात, पुढची काच म्हणजे एलसीडी पॅनल, आणि ते स्वतः प्रकाश देत नाही. मागून येणारा प्रकाश कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा, एवढेच ते करते. त्यामुळे मागचे दिवे विझले तरी काचेवर चित्र उमटतच असते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. खोलीत अंधार करून टीव्ही चालू ठेवावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरावा. आमच्या पडद्यावर टॉर्चच्या वर्तुळात राखी रंगाचे, पुसट असे वृत्तनिवेदिकेचे डोके हलताना दिसले आणि कोपऱ्यात वाहिनीचे चिन्हही ओळखू आले. असे दिसले की पॅनल, मेनबोर्ड आणि टी-कॉन (पॅनलला चित्राचे संकेत वाटून देणारा बोर्ड) हे महागडे भाग बहुतांशी ठीक आहेत असे समजावे. ओएलईडी टीव्हीला ही चाचणी लागू पडत नाही, कारण त्यात बॅकलाइटच नसतो, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने संच न उघडताच पूर्ण पॅनल बदलावे लागेल असे सांगितले आणि जो आकडा दिला, त्यात थोडी भर घातली तर नवा टीव्ही आला असता. त्या मुलाला मी फारसा दोष देत नाही. त्यांच्या सुट्या भागांच्या यादीत पॅनल आणि बॅकलाइट मिळून एकच वस्तू होती, सुट्या पट्ट्यांची नोंदच नव्हती. मग तो देणार कुठून? पण ग्राहकाला ‘पॅनल गेले’ असे सांगणे आणि ‘आमच्याकडे पट्ट्या मिळत नाहीत’ असे सांगणे, यांत हजारो रुपयांचा फरक पडतो.

त्यानंतर जुईनगरच्या एका मेकॅनिकला बोलावले. त्याने आधी मागचे झाकण काढून पॉवर सप्लायचे कपॅसिटर वरून फुगले आहेत का ते पाहिले, स्टँडबायचा व्होल्टेज मोजला आणि मग बॅकलाइटच्या कनेक्टरवर मल्टिमीटरच्या पिना लावून मला टीव्ही चालू करायला सांगितला. आकडा झपकन वर गेला आणि लगेच खाली आला. “काका, सप्लाय आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. आत स्ट्रिप ओपन आहे,” एवढेच तो म्हणाला. म्हणजे दिव्यांना प्रवाह पुरवणारे सर्किट (ड्रायव्हर) ठीक होते, पण पट्टीची जोडणी आत कुठेतरी तुटली होती. मग कनेक्टर काढून त्याने एलईडी टेस्टर लावला, तर एकही दिवा लागला नाही.

आमच्या संचात आठ-आठ दिव्यांच्या तीन पट्ट्या आहेत आणि प्रत्येक दिवा ६ व्होल्टचा आहे. हे चोवीस दिवे एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असल्याने संपूर्ण साखळीला सुमारे १४४ व्होल्ट लागतात आणि साखळीतला एक दिवा तुटला की उरलेले तेवीस धडधाकट असूनही अंधार होतो. ड्रायव्हर प्रवाह ढकलण्यासाठी व्होल्टेज वाढवत जातो, प्रवाह जात नाही असे कळले की संरक्षणासाठी स्वतःला बंद करतो. चित्र दोन सेकंद येऊन जाण्याचे कारणही यातच आहे: मरायला टेकलेला दिवा थंड असताना क्षणभर जोडला जातो आणि तापला की पुन्हा सुटतो. इथे एक सूचना द्यावीशी वाटते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह पॉवर सप्लायमध्ये एकदिश केल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ ते तिथे राहू शकतात. टॉर्चची चाचणी कोणीही करावी. झाकण उघडणे हे माहीतगाराचेच काम आहे.

दुरुस्तीतला खरा धोका मात्र विजेचा नसून काचेचा आहे. पॅनलच्या कडेला फितीसारख्या पातळ, लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या काचेला चित्राचे संकेत पोचवतात. त्यांतील एक जरी ओढली गेली तरी पडद्यावर उभी रेघ येते आणि ती पुन्हा नाहीशी होत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर जाड चादर घालून, सक्शन कप लावून, दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पॅनल उचलले आणि ते पलंगावर सपाट ठेवले. त्याखालचे डिफ्यूझरचे, म्हणजे प्रकाश सारखा पसरवणारे, थर काढताना मेकॅनिकने प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला, जेणेकरून क्रम आणि बाजू बदलू नये. पंखा बंद करायला लावला, कारण थरांमध्ये अडकलेला धुळीचा कण पुढे पडद्यावर कायमचा डाग म्हणून दिसतो. ऐन दमट हवेत हे काम चालले होते आणि सगळे घामाघूम झाले होते, पण त्याने पंखा लावू दिला नाही, आणि त्याच क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला.

सर्वांत खाली पांढरा परावर्तक कागद आणि त्यातून डोकावणारी, पालथ्या वाटीच्या आकाराची छोटी भिंगे. उजवीकडच्या खालच्या बाजूला एका भिंगाभोवती कागद तपकिरी पडला होता. भिंग काढल्यावर खाली दिव्याच्या पिवळ्या चौकोनात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. एवढासा तो दोष! शेजारच्या दोन दिव्यांचा पिवळा थरही करपून काळपट झाला होता, म्हणजे तेही रांगेतच उभे होते.

तेवढा एकच दिवा बदलून देण्याचा पर्याय मेकॅनिकने स्वतःहून सांगितला. तो निम्म्याहून कमी खर्चात झाला असता. काही ठिकाणी तर मेलेला दिवा वगळून वायरने जोडून देतात. दोन्ही उपायांनी टीव्ही लागतो, पण बाकीचे दिवे तितकेच तास तितक्याच उष्णतेत जळलेले असतात, त्यामुळे काही महिन्यांत पुढचा जातो आणि पॅनल उचलण्याचा धोका पुन्हा पत्करावा लागतो. म्हणून तिन्ही पट्ट्या बदलायचे ठरवले. पट्ट्या मागवताना टीव्हीचा मॉडेल क्रमांक पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी पॅनल बसवतात. पट्टीवर छापलेला क्रमांक, लांबी, दिव्यांची संख्या, व्होल्टेज आणि कनेक्टर जुळवावा लागतो. मेकॅनिक जुनी पट्टी पिशवीत घेऊन हार्बर लोकलने कुर्ला, तिथून दादर आणि पुढे ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेला आणि जोडी जुळवून आला. ऑनलाइन स्वस्त मिळत होत्या, पण भिंगाचा आकार फोटोवरून ठरवता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

या दुरुस्तीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट बिलात कुठेच नाही. नव्या पट्ट्या बसवल्यावर त्याने ड्रायव्हरच्या सर्किटमधील प्रवाह मोजणाऱ्या, समांतर जोडलेल्या बारीक रेझिस्टरांपैकी एक काढून टाकला. एक काढला की उरलेल्यांचा एकत्रित रोध वाढतो आणि ड्रायव्हर दिव्यांना पूर्वीपेक्षा कमी प्रवाह देतो. एलईडीला मारते ती मुख्यतः उष्णता, आणि दुकानाच्या झगझगाटात चित्र उठून दिसावे म्हणून अनेक संच कारखान्यातूनच बॅकलाइट पूर्ण क्षमतेवर ठेवून येतात. घरी आणल्यावर ती मांडणी बदलायची असते, हे किती जणांना ठाऊक असते?

आता वापराबद्दल. चित्राचा उजेड आधीच्यापेक्षा कमी आहे. संध्याकाळी आणि रात्री तो पुरेसा, किंबहुना डोळ्यांना अधिक सुखाचा वाटतो. परंतु आमचा दिवाणखाना पश्चिमेला असल्याने दुपारी चारच्या सुमारास क्रिकेटचा सामना पाहायचा तर पडदा ओढून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे त्याचा प्रकाश पांढरा दिसतो. (याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) मूळ पट्ट्या आणि बाजारातल्या पट्ट्या यांच्या थरात फरक असतो, त्यामुळे आमचा पांढरा रंग आता किंचित निळसर झुकतो. सेटिंगमध्ये रंगछटा ‘वॉर्म’ केल्यावर तो बराच सावरला. तरीही बर्फाचे किंवा ढगांचे दृश्य आले की माझ्या लक्षात येते, घरात इतर कोणाच्या येत नाही. पडदा संपूर्ण जांभळा किंवा निळा पडू लागला तर तो फॉस्फर करपल्याचा पुरावा समजावा. आमच्याकडे अद्याप तसे झालेले नाही.

जानेवारीत वरच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा पांढरा, ठळक गोल डाग दिसू लागला. हा दिवा जाण्याचा नव्हे, तर दिव्यावरचे भिंग सुटल्याचा दोष असतो; भिंग प्रकाश पसरवते, ते पडले की प्रकाश एकाच जागी भाल्यासारखा येतो. मेकॅनिकने तो हमीच्या मुदतीत धरून पैसे न घेता पुन्हा सगळे उघडले आणि त्याबरोबर इतर सर्व भिंगेही पक्क्या चिकटद्रव्याने बसवली. ते त्याने पहिल्या वेळीच करायला हवे होते, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्यानंतर उन्हाळा लागला, वीज अनेकदा गेली-आली, पण संचाने तक्रार केलेली नाही.

सेटिंगबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. बहुतेक एलईडी टीव्हींत ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राइटनेसने काळ्या भागाची गडदता बदलते, दिव्यांवरचा ताण बदलत नाही. दिवे जपायचे तर बॅकलाइटचा आकडा उतरवावा आणि ‘व्हिव्हिड’ मोड टाळावा. आमचा बॅकलाइट रात्री निम्म्याच्या आसपास असतो.

सगळेच बिघाड असे स्वस्तात सुटत नाहीत. पडद्यावर उभ्या रेघा, अर्धे चित्र किंवा आतून पसरलेली काळी शाई दिसत असेल तर दोष काचेचा किंवा तिच्या फितींचा असण्याची शक्यता मोठी, आणि मग या आकाराच्या संचावर खर्च करू नये. लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर बऱ्याचदा सप्लाय, आणि कंपनीचे चिन्ह येऊन संच पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर मेनबोर्डची मेमरी किंवा सॉफ्टवेअर तपासावे. हे दोन्ही दुरुस्त होतात. ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्याचे पारडे थोडे जड झाले आहे, हे खरे. तरीही आमचा भाग आणि मजुरी धरून झालेला खर्च साडेतीन हजारांच्या आत राहिला, आणि त्यात नवा ४३ इंची येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, पण आमच्या पट्ट्यांसाठी शेवटी लॅमिंग्टन रोडच गाठावा लागला.

दुरुस्ती करून घेणाऱ्यांनी मेकॅनिककडून कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पट्ट्यांचा पूर्ण संच बदलला की नाही, प्रवाह कमी केला की नाही आणि हमी किती महिन्यांची. आमच्याकडे ती सहा महिन्यांची होती आणि त्यात भिंगेही येतात हे मी आधीच विचारून ठेवले होते, म्हणून जानेवारीत वाद झाला नाही. काढलेल्या जुन्या पट्ट्याही मागून घ्याव्यात. छापील क्रमांक पुढे कधी लागला तर पॅनल न उघडता हाताशी असतो.