बिनब्रँडची ३ मीटर यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल: माउसला ठीक, हार्ड डिस्कला नको

बाहेरून जाडजूड, आत काटकसर. वरचं प्लास्टिक सोललं की पांढरी आणि हिरवी वायर सरळ शेजारी-शेजारी पडलेली दिसते, पीळच नाही. गोची तिथेच आहे. डेटा या दोन वायरींवर एकमेकांच्या उलट जातो आणि रिसीव्हर फक्त दोघींतला फरक वाचतो. पीळ असला की बाहेरचा नॉइज दोन्हींवर जवळपास सारखा बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. इथे तो एकीवर जास्त बसतो. त्यात यूएसबी २.०च्या सर्वांत जास्त वेगाला, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटला, सिग्नल जेमतेम ४०० मिलिव्होल्टचा. जोडीचा ९० ओहमचा इम्पिडन्सही (सिग्नलला होणारा विरोध) सगळीकडे सारखा राखला जात नाही, म्हणजे परावर्तनं, सिग्नलचं आपटून मागे फिरणं, आलीच. मग डिस्क कॉपी चालू असतानाच गायब होते, किंवा जोडणी १२ मेगाबिटवर उतरून सेकंदाला १ एमबीच्या आसपास रखडते.

वीज नेणाऱ्या लाल-काळ्या वायरीही २८ गेजच्या, म्हणजे बारीक: ५०० मिलिअँपिअरला जाऊन-येऊन सुमारे ०.६ व्होल्ट गळतात.

माउसचं काम १.५ मेगाबिटवरही भागतं, तिथे खुशाल वापरा. डिस्कसाठी २८/२४ छापलेली (डेटाच्या वायरी २८ गेजच्या, विजेच्या त्याहून जाड २४ गेजच्या), फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली केबल घ्या. (तशी साधी एक्स्टेन्शन यूएसबीच्या मानकात बसतच नाही, पण दुकानात ढिगाने मिळते.) डिस्कची स्वतःची केबल धरून एकूण लांबी ५ मीटरच्या आत ठेवा.