सलोखा योजना : कोल्हापूरजवळच्या एका अदलाबदलीचा अनुभव

शेतजमीन शेतीखालीच राहावी म्हणून शेतकऱ्याने आपणहून पुढे यावे, अशा शासकीय सोयी आपल्याकडे मोजक्याच आहेत. त्यांत महाराष्ट्र शासनाच्या सलोखा योजनेला, म्हणजे कागदावर एकमेकांच्या नावे असलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर अल्प खर्चात करून देणाऱ्या सोयीला, मी वरचे स्थान देईन. गेल्या वर्षी आमची आणि शेजारच्या भाऊबंदांची जमीन या योजनेतून ज्याची त्याच्या नावावर झाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी गट पाडले गेले, तेव्हा कागद आणि वहिवाट यांची अनेक ठिकाणी फारकत झाली. सातबाऱ्यावर आमच्याकडे रस्त्याकडेचा गट आला, पण आजोबा कसत राहिले ते पंचगंगेकाठचे रान. भाऊबंदांचे नेमके उलटे झाले. दोन पिढ्या एकमेकांच्या शब्दावर निभावल्या. तरी सोसायटीचे पीककर्ज एका गटावर आणि ऊस दुसऱ्या गटात, ही कसरत दरवर्षीची होती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमचा ऊस पाण्याखाली गेला, पण नुकसानीची मदत सातबाऱ्यावरील नावाप्रमाणे भाऊबंदांच्या खात्यात जमा झाली. त्या घरच्या काकांनी ती रक्कम मोजून आमच्या आईच्या हातात आणून दिली. पुढच्या पिढीतही असेच होईल, असे कोणी गृहीत धरू नये.

खरी भीती वेगळीच होती. २०१७ साली शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि रस्त्याकडेच्या जमिनीकडे प्लॉटिंगवाल्यांचे लक्ष आणखी वळले. ते सातबारा पाहून येतात. जमीन कोण कसते, हे विचारत नाहीत. आमच्यापैकी एकाने कागदाच्या बळावर सही केली असती, तर काकांचे उभे पीक कोर्टात गेले असते, आणि वादातले रान पडीक पडायला वेळ लागत नाही.

जानेवारी २०२३मध्ये आलेल्या आणि पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळालेल्या या योजनेत अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढाच शासकीय खर्च आहे. एरवी हे शुल्क जमिनीच्या मूल्यावर आकारले जाते आणि रस्त्याकडेच्या गटाचे मूल्य पाहता ते आम्हाला झेपलेच नसते. परस्परांच्या जमिनीचा ताबा किमान १२ वर्षांचा असावा लागतो. दोन्ही बाजूंच्या क्षेत्रात फरक असला तरी चालते. बिगरशेती जमिनीला मात्र योजना लागू नाही, आणि ते योग्यच आहे.

ताब्याच्या पंचनाम्याच्या दिवशी तलाठी आणि मंडल अधिकारी दोन्ही रानांत स्वतः फिरले. नदीकडेच्या बांधावरचा हद्दीचा दगड गाळात गाडला गेला होता. तो खुरप्याने उकरून दाखवावा लागला. विहीर कोणी पाडली, मोटारीचे वीजबिल कोणाच्या नावे येते, खोडवा कोणाचा, हे त्यांनी शेजारच्या गटधारकांना एकेक करून विचारले आणि मगच सह्या घेतल्या. कामाची ही पद्धत मला मनापासून आवडली.

तक्रार एकच, पण गंभीर. एका कार्यालयात ही सवलत कोणाला माहीतच नव्हती. नेहमीच्या दराने शुल्क भरा, असे सांगून आम्हाला दोनदा परत पाठवले. शासन निर्णयाची प्रत नेऊन दाखवल्यावर काम हलले. तिथे जाणाऱ्याने ती प्रत जवळ ठेवावीच. शिवाय सर्व सहधारकांची संमती आधी मिळवावी, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. माझा धाकटा भाऊ सहा महिने अडून होता. महागडा रस्त्याकडेचा गट सोडून पुराचे रान का घ्यायचे, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपण जे कसत आलो तेच आपले, हे त्याला आईने समजावले.

या योजनेने वाद मिटतो. जमीन विकण्याचा मोह मिटत नाही. काकांच्या नावावर आलेला गट उद्या बिगरशेती झाला, तर सलोखा तो थांबवू शकत नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीने १९८० साली सुमारे ९३,००० एकर क्षेत्र शेतीसाठी राखले आणि तेथील शेतकऱ्यांना आपला बांधकामाचा हक्क इतरत्र विकण्याची मुभा दिली. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पैसाही हाती येतो. असा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आपल्याला शहरातील आरक्षणांमुळे परिचित आहे. प्राधिकरणाच्या हद्दीतील बागायतीला तो का मिळू नये? कॅलिफोर्नियाने १९६५च्या कायद्याने जमीन शेतीखालीच ठेवण्याच्या दहा वर्षांच्या करारावर करसवलत दिली, पण आपल्याकडे शेतसारा मुळातच नाममात्र असल्याने तो मार्ग इथे फारसा उपयोगी नाही.

फेरफार मंजूर झाल्यावर आम्ही नवा सातबारा सोसायटीत दिला आणि कारखान्याकडची ऊसनोंद नदीकाठच्या गट नंबरावर केली. ज्यांची वहिवाट आणि कागद अजून वेगळे आहेत, त्यांनी मुदत पाहून अर्ज करावा; दोन्ही घरांतील जाणती माणसे हयात असतानाच केला तर उत्तम.