उद्यमनगरातले मिस्त्री, एकवीस वॉटचा बल्ब आणि माझ्या गाडीचा डबा

गाडी दुरुस्तीच्या या दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. गणिताची बाई आहे, मार्क उगाच कापत नाही आणि उगाच देतही नाही.

गाडी 2016 ची हॅचबॅक, रोजची कोल्हापूर-पन्हाळा शाळेची फेरी. जुलैमध्ये भर पावसात वाघबीळपाशी वायपर अर्ध्यावर थांबले. हॅझर्ड लावून कडेला उभी राहिले, तर दोन मिनिटांनी आपोआप सुरू. त्यानंतर रोज नवं काहीतरी. दारं आपली आपण टकटक लॉक-अनलॉक व्हायची. एका रात्री दोन वाजता हॉर्न वाजला आणि अख्खी गल्ली गॅलरीत आली. दर दोन दिवसांनी सकाळी बॅटरी ठार. बॅटरी नवी टाकली, तीही तशीच बसली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, U0140 असा बिघाडाचा कोड आला आणि दहा मिनिटांत निकाल लागला: "बीसीएम गेलाय, बदलावा लागेल." खर्च 23,400 रुपये. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. डॅशबोर्डखाली बसवलेला हा डबा वायपर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, सेंट्रल लॉक सगळं सांभाळतो. माझ्या गाडीत किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझरही त्यातच आहे. डबा गेलाच असं कशावरून, म्हणून विचारलं, तर "मॅडम, स्कॅनर सांगतोय ना" एवढंच उत्तर. पोरांनी पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं की मी निम्मे मार्क देते. तिथून गाडी तशीच परत आणली.

शाळेतल्या शिपाईमामांनी शिवाजी उद्यमनगरातलं हे दुकान सुचवलं. पाटीवरची अक्षरं पुसून गेलीत. खूण एकच: निळं शटर आणि त्यावर टांगलेली जुन्या हॉर्नची माळ. मिस्त्री साठीचे असतील. मी सर्व्हिस सेंटरचा कागद पुढे केला, त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न टाकला, "गाडी कुठल्या झाडाखाली लावता?"

गुलमोहर, म्हटलं. ते नुसते "हं" म्हणाले.

मग कोडचा अर्थ सांगितला. "बाई, ह्यो कोड डब्यानं दिलेला न्हाई. दुसरा डबा म्हणतोय, बीसीएम मला बोलंना. आता बोलंना म्हणजे मेलाच का? झोपला असंल, उपाशी असंल, न्हाईतर मधली वायर तुटली असंल."

मग पायऱ्या सुरू झाल्या आणि मी स्टूल ओढून बसले. बॅटरी सोडवून त्यांनी स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर लावला. 60 ओहम. डबे एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात त्यांच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात, समांतर जोडणीत 60. शाळेतलं गणित! म्हणजे मधली वायर शाबूत.

पुढचं मला सगळ्यात आवडलं. डब्याचा कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थिंग (करंट परत जायची वायर) यांच्यामध्ये मीटर धरला, 12.4 व्होल्ट. मी म्हटलं, बरोबर आहे की. मिस्त्री हसले. इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब काढला आणि त्याच दोन पिनांना लावला. बल्ब पेटला, पण चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखा, लालसर. मीटर करंट घेतच नाही, त्याला तारेचा एक केस शिल्लक असला तरी पुरतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथं लबाडी चालत नाही. पायाजवळचं प्लास्टिक काढून अर्थिंगचा बोल्ट दाखवला. त्यावर हिरवट-पांढरा चुना चढलेला. "उपाशीच हाय. भाकरीच पोचंना."

बोल्ट घासून परत लावला, बल्ब लख्ख पेटला, U0140 गेला. पण मिस्त्रींनी तिथं हात झटकले नाहीत. गाडी लॉक करून अर्धा तास झोपू दिली आणि बॅटरीच्या वायरीत मीटर घातला: 0.82 अँपिअर. झोपलेल्या गाडीला 0.05 च्या आत असावं लागतं. माझी बॅटरी 35 अँपिअर-अवरची, भागाकार केला तर साधारण 43 तास. दोन दिवसांनी बॅटरी का बसते ते माझ्याच वहीत निघालं.

डबा उघडला. वायपरच्या रिलेभोवती (करंट चालू-बंद करणारा स्विच) पाण्याचे डाग आणि तोच हिरवा चुना. मग काचेखालच्या जाळीवर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. गुलमोहराच्या बारीक पाल्यानं पाणी जायचं भोक बुजलं होतं. वायरींच्या रबरी बुचातून थेंब टपटप बरोबर डब्याच्या डोक्यावर. सर्व्हिस सेंटरचं ऐकून नवा डबा बसवला असता तर तोही पुढच्या पावसात बुडाला असता.

भोक मोकळं केलं, बूच बदललं, डबा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन वाळवला, दोन जागी शिशानं नव्यानं सोल्डर केलं. करंट 0.03 वर आला. बिल 1,200. वर स्पष्ट बजावलं, "महिनाभर चालंल, जास्त चालला तर तुमचं नशीब. पैसे बाजूला काढून ठेवा."

सहा आठवडे चालला. नेमका गौरी जेवणाच्या दिवशी गेला. किल्लीचा दिवा लुकलुकतोय, इंजिन सुरू व्हायचं नाव नाही. दिरांच्या जीपला टोचन लावून गाडी उद्यमनगरात नेली. सप्लाय, अर्थिंग, वायरी सगळं पुन्हा तपासून झाल्यावरच मिस्त्री म्हणाले, "आता गेला."

मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून जुना मागवू का, म्हणून मी विचारलं. त्यांनी कानाला हात लावला. जुन्या डब्यात दुसऱ्याच गाडीच्या किल्ल्या बसलेल्या असतात, आणि तो पुरातल्या गाडीचा नाही हे कोण सांगणार? 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला यापुढे पटवावं लागत नाही. पार्ट नंबर जुळवून नवाच मागवला. 14,800, शिवाय बसवणं आणि कोडिंग (डब्यात गाडीची सेटिंग भरणं) 2,500.

अर्धा मार्क इथं गेला. नव्या डब्याला किल्ल्या ओळखायला शिकवताना दोन्ही लागतात हे आधी सांगितलं नाही. दुसरी किल्ली घरी, म्हणून रिक्षानं एक फेरी. गाडी घेऊन घरी आले तर मागचा वायपर चालेना. जुना डबा पार मेल्यामुळे त्यातली सेटिंग वाचता आली नव्हती आणि नव्यात खालच्या मॉडेलची पडली होती. "गाडीला वाटायलंय तिला मागं वायपरच न्हाई," असं म्हणत दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत दुरुस्त केलं, पैसे घेतले नाहीत. पण माझी अर्धी रजा गेलीच. "दोन दिवसांत" म्हणालेले, लागले सहा. या सहा दिवसांत फोन एकदाही उचलला नाही. एसटीनं पन्हाळा केला.

सगळे मिळून 18,500. जीएसटीचं बिल मागितलं तर मिळतं, मागावं लागतं. बसायला एकच स्टूल आहे. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते. दोन्ही किल्ल्या न्या, आणि गाडी कुठल्या झाडाखाली उभी राहते ते आठवून ठेवा, विचारतात.