सातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर, बाबांची वही आणि ९.६ चं ॲव्हरेज

आधीच सांगते, घ्या. जुनी पेट्रोल गाडी आहे, ॲव्हरेज पडलंय आणि दर वेळी कोणीतरी नवीन पार्ट बदलायला सांगतंय अशी गत असेल तर हा ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र, घ्याच. मला ६९० रुपयांना पडला. दोन महिने वापरून मग लिहितेय, त्यामुळे जरा लांबलंय, पण ज्यांची गाडी माझ्यासारखी पेट्रोल पितेय त्यांनी पूर्ण वाचा.

गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटर, बाबांनी घेतलेली. आता त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही म्हणून गाडी माझ्याकडे पुण्यात, आणि गाडीबरोबर त्यांची वही पण आली. बाबांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी टाकी फुल्ल केली की किलोमीटर, लिटर, तारीख आणि गाडीचं काही काम केलं असेल तर ते, असं सगळं लिहून ठेवलंय. मी पण ती सवय मोडली नाही, मोडली असती तर हा रिव्ह्यू लिहिताच आला नसता.

वहीत २०१४-१५ च्या पानांवर शहरात १४, साडेचौदा असे आकडे आहेत. मागच्या वर्षीपर्यंत १३ च्या थोडं वर होतं. आणि सप्टेंबरमध्ये मी भागाकार केला तर ९.६. परत केला, तेच. पुढची टाकी त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या ऑटो कटला थांबवून भरली, ९.७. माझं महिन्याचं रनिंग ९०० किमीच्या आसपास, म्हणजे १४ च्या हिशोबाने ६४ लिटर लागायला हवं तिथे ९४ लागत होतं, १०४ रुपये लिटरने हे महिन्याला तीन हजारांच्या वर जास्तीचे जात होते.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काउंटरवरच्या मुलाने गाडी न बघता सांगितलं, मॅडम हे ई-२० मुळे (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) सगळ्यांचंच झालंय, आणि तुम्ही एसी जास्त लावत असाल, क्लचवर पाय ठेवत असाल. आणि लगेच ८,९०० चं एस्टिमेट, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, ऑक्सिजन सेन्सर नवीन. मी विचारलं सेन्सर खराब आहे हे कसं कळलं, तर म्हणाला गाडी बारा वर्षांची आहे ना. मी गाडी परत आणली. आता ई-२० ने ॲव्हरेज कमी होतं हे खरंच आहे, त्यात वाद नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्येच लिहिलंय की जुन्या, म्हणजे ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला ट्यून केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट होईल. पण ६-७ टक्के म्हणजे १४ चं १३ होतं, जे वहीत दिसतंय. १३ चं साडेनऊ कशाने झालं?

मग हा स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढा आहे, स्टिअरिंगच्या खाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात बसतो. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाकायचं, ब्लूटूथ पेअर करायचं (पिन १२३४, नाही चालला तर ००००), बास. त्यावर ईएलएम ३२७ लिहिलेलं असतं पण ही मूळ चिप नाही हे डोक्यात ठेवा, मूळ कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची होती, आणि त्यांच्या सुरुवातीच्या चिपला कॉपी प्रोटेक्शन नव्हतं म्हणून जगभर नकला झाल्या. गंमत म्हणजे बाजारात "व्हर्जन १.५" म्हणून जे चांगलं समजून विकलं जातं ते व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नाही. तरी माझ्या अनुभवात १.५ वाला नीट चालतो, २.१ लिहिलेला मैत्रिणीने घेतला होता तो तिच्या गाडीला कनेक्टच होईना, परत केला. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, वायफायवाला नाहीतर बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लिहिलेला बघून घ्या.

पहिल्याच दिवशी एरर कोड बघितले, एकही नाही, आणि मी हिरमुसले. मला वाटलं होतं की हे यंत्र लावलं की बिघाडाचं नाव लिहून येईल. तसं होत नाही. इंजिनची लाइट लागली नसली तरी गाडी पेट्रोल जास्त पिऊ शकते, खरी माहिती कोडमध्ये नाही, लाइव्ह डेटात आहे, आणि तो वाचायला मला आठवडा लागला.

सगळ्यात आधी ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बघितला, कारण त्याचेच पैसे मागितले होते. इंजिन तापल्यावर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.८ असं सतत वरखाली नाचत असेल तर तो जिवंत आहे. एका जागी अडकलं किंवा वरखाली व्हायला फार वेळ घेतला तर म्हातारा झाला. माझा मस्त नाचत होता. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर आपल्या ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. लाँग टर्म, म्हणजे बऱ्याच काळाचा सरासरी आकडा, अधिक ७ आला. आधी घाबरले, पण ई-२० ला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं त्यामुळे जुन्या गाडीत ५-८ दिसणं समजण्यासारखं आहे, १५-२० च्या पुढे गेला असता तर कुठे हवा लीक आहे का, पंपाचं प्रेशर कमी आहे का हे शोधावं लागलं असतं. उलट उणे १५ वगैरे असता तर इंजेक्टर गळतोय किंवा सेन्सर खोटं सांगतोय. म्हणजे इंजेक्टरही ठीक, सेन्सरही ठीक. ८,९०० रुपये इथेच वाचले. एअर फिल्टर काळा झाला होता तो मी बदलला, पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्याने ॲव्हरेजला जवळपास फरक पडत नाही, हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, फक्त पिकअप मंदावतो. तेव्हा फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल असं कोणी सांगितलं तर फार आशा धरू नका.

आणि मग कूलंट टेम्परेचर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. हे मी सगळ्यात शेवटी बघितलं आणि सगळं त्यातच होतं. घर ते शाळा ६ किमी, मी शिकवते तिथे, शाळेच्या गेटला पोचले तेव्हा आकडा ५४. इंजिन ८५-९० ला चालायला हवं. मला वाटलं थंडी आहे म्हणून असेल. शनिवारी बाबांकडे कराडला निघाले, मुलीच्या हातात फोन दिला आणि तिला म्हटलं दर दहा मिनिटांनी आकडा वाच. सपाट हायवेला ६३, ६१, ६३. खंबाटकी चढताना ७८ झाला, मला वाटलं आला ताळ्यावर, आणि घाट उतरून खाली पोचेपर्यंत परत ५७! गाडी जोरात पळते तेव्हा इंजिन थंड पडतंय, याचा अर्थ रेडिएटरकडे पाणी कायम मोकळं वाहतंय, इंजिन तापेपर्यंत ते अडवणारा थर्मोस्टॅट काम करत नाहीये.

जुन्या लोकांना लगेच कळेल, फियाटला सकाळी चोक ओढायचो आणि आत ढकलायला विसरलो की पेट्रोलचा वास यायचा, तसंच हे. इंजिन थंड आहे म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आयडलचा आरपीएम चढता ठेवतो, ऑइलही घट्ट राहतं, आणि सहा-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या माझ्यासारखीची गाडी तर कधी गरमच होत नाही. कराडला पोचून बाबांना सांगितलं तर त्यांनी वही मागितली, चष्मा लावला आणि फेब्रुवारीचं पान काढलं. त्यांच्याच अक्षरात, "रेडिएटर काम, कूलंट बदलले". त्याच्या पुढच्या टाकीपासून १३.२ चं ११.३. मी तो सगळा वेळ ट्रॅफिक वाढलं असं समजत होते.

पुण्यात परत आल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेले, फोनवरचा ग्राफ दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ताई, व्हॉल्व्ह आत आहे का बघू आधी." व्हॉल्व्ह म्हणजे हाच थर्मोस्टॅट. उघडलं तर त्याची जागा रिकामी. फेब्रुवारीत ज्या गॅरेजला काम केलं होतं तिथे थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं. मिस्त्री म्हणाले बरेच जण असं करतात, गाडी गरम होते म्हणून गिऱ्हाईक आलं की व्हॉल्व्ह काढायचा, आपल्याकडे गरम हवा आहे, गरज नाही म्हणायचं. मला फार राग आला. बाबा त्या माणसावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवून होते. नवीन थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, मजुरी धरून १,८५० झाले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या निम्म्या रस्त्यातच आकडा ८० च्या वर, हायवेला ८८ च्या आसपास स्थिर.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पूर्ण टाकी जाळायची हे मी ठरवून केलं. पुढची टाकी ११.०. वाढलं, पण पूर्ण नाही.

इथून पुढे स्कॅनरची हद्द संपली, हे स्पष्ट सांगायला हवं. एकच इशारा त्याने दिला, सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरला ६० च्या स्पीडला इंजिन लोड (इंजिनवर किती टक्के भार आहे तो आकडा) ४० च्या आसपास दिसत होता, ऑक्सिजन, ट्रिम, टेम्परेचर सगळं ठीक असताना. म्हणजे इंजिन बरोबर आहे पण काहीतरी गाडीला मागे ओढतंय. ते काय हे सांगणारा सेन्सर या गाडीत नाही. परत वही. ॲव्हरेज घसरण्याची दुसरी मोठी पायरी ऑगस्टनंतर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मी पाय मुरगळल्यामुळे गाडी दोन महिने पावसात उभी होती, हँडब्रेक ओढून.

मिस्त्रींनी सांगितलेली टेस्ट कोणालाही करता येईल. सात-आठ किलोमीटर शांतपणे, कमीत कमी ब्रेक मारत चालवा, थांबा, आणि चारी चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. तीन चाकं कोमट. मागचं डावं चाक असं की हात जवळ नेववेना, आणि जळका वास. जॅकवर चढवलं तर उजवं चाक हाताने फिरवल्यावर फिरत राहत होतं आणि डावं अर्ध्या फेरीत थांबत होतं. ड्रम उघडला, हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, ब्रेकचे शू पूर्ण मागे येतच नव्हते, म्हणजे तीन महिने मी ब्रेक लावून गाडी चालवत होते. केबल, शू, सफाई, पुढच्या कॅलिपरच्या पिनांना ग्रीस, सगळं मिळून २,६००. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं की ही जिवाची गोष्ट होती, तसाच ड्रम तापत राहून घाटात ब्रेकच लागले नसते तर? आणि सर्व्हिस सेंटरला मला एसीबद्दल लेक्चर मिळालं होतं. आता पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर मी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावते, हँडब्रेक नाही.

त्यानंतरची टाकी १२.८, इंजिन लोड त्याच रस्त्यावर ३१-३२. मग दरवाज्याच्या स्टिकरवर लिहिलेली हवा चारी टायरमध्ये थंड असताना भरली, आधी सहा-सात पीएसआय कमी होती, १३.२.

स्कॅनरचे दोष पण लिहिते. कनेक्शन मधेच तुटतं, परत जोडावं लागतं. आकडे सेकंदभर मागे असतात. ॲप स्वतः जे ॲव्हरेज दाखवतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, माझ्याकडे वहीपेक्षा दीडने जास्त दाखवत होतं. सॉकेटला गाडी बंद असतानाही करंट असतो त्यामुळे काम झालं की काढून ठेवा, नाहीतर जुनी बॅटरी बसेल, आणि तिथे गुडघाही लागतो. गाडी चालवताना स्वतः फोनकडे बघू नका, शेजारी कोणाला तरी बसवा. आणि कोड आला असेल तर तो लगेच पुसायचं बटण दाबू नका, कोड आला त्या क्षणाचे आकडेही त्याबरोबर पुसले जातात, आधी स्क्रीनशॉट काढा. घेण्याआधी गाडीचं साल बघा, आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना हा जोडलाच जात नाही, तेव्हा कोणाचा तरी आणून आधी लावून बघा.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार कनेक्शनसाठी कापला.

एकूण खर्च स्कॅनर धरून ५,१४० आणि एअर फिल्टर वेगळा. काल भरलं, ४१५ किमी, ३१.४ लिटर. बाबांना फोन करून सांगितलं तर त्यांनी तिकडे कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि म्हणाले १३.२१, नीट लिही.